छोट्या खाऱ्या टँकसाठी मासे निवडताय? आधी ‘कम्पॅटिबिलिटी’ तपासा

नवीन चार्जर घेताना आपण काय बघतो? पिन बसते का, वॅट किती, फोनला चालेल का. मेमरी कार्ड घेतानाही फोन किती जीबीपर्यंत सपोर्ट करतो ते तपासतो. पण मासे घेताना बहुतेक जण फक्त रंग बघतात. निळा एक, केशरी दोन, पट्ट्यावाला एक, झाला टँक! चुकीचा चार्जर फार तर परत करता येतो. चुकीचा मासा मात्र मरतो, आणि बऱ्याचदा सोबतच्या दोघांना घेऊन मरतो.

मी पिंगुळीचा. कुडाळ हाकेच्या अंतरावर, मालवणचा समुद्र साधारण तासाभरावर. आमच्याकडे समुद्र बघायला टँक लागत नाही, तरीही रील्स बघून खाऱ्या पाण्याच्या टँकचं वेड इकडेही पोचलंय. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या एका कॉलेजच्या मुलाने मला व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. सुट्टीत काम करून साठवलेले पैसे, दोन फुटी टँक घेऊन झालेला, आणि खाली मेसेज: “दादा, एवढे मासे सांगतंय, बरोबर आसा मां?”

यादी अशी होती: क्लाऊनफिश दोन, ब्लू टँग एक, लायनफिश एक, मँडरिन एक, डॅमसेल तीन, क्लीनर श्रिंप एक. शेवटी एक ओळ, “प्रवाळ मालवणातून आणतंय.”

आजच्या लेखात आपण हीच यादी एकेक करून तपासणार आहोत. पद्धत एकदा कळली की तुमची यादी तुम्हीच तपासू शकाल.

आधी टँक मोजा

टँक २ फुटी आहे, असं सांगून भागत नाही. लिटर काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. या मुलाचा टँक ६० × ४० × ४० सेंटिमीटर, म्हणजे ९६ लिटर. पण वर थोडी जागा मोकळी सोडावी लागते, आत दगड आणि वाळू येते. प्रत्यक्ष पाणी उरतं साधारण ७५ लिटर. फोनच्या डब्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि वापरायला कमी मिळतं, तसंच हे.

७५ लिटर हे खाऱ्या टँकसाठी लहान आहे. लहान टँक स्वस्त पडतो, पण सोपा नसतो. कारण कमी पाण्यात प्रत्येक बदल पटकन होतो. एक उदाहरण घेऊ.

समुद्राच्या पाण्यात दर किलोला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हायड्रोमीटरवर हेच १.०२५ ते १.०२६ दिसतं. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. समजा रोज १ लिटर पाणी उडालं आणि तुम्ही ५ दिवस गावाला गेलात. ७५ लिटरचे राहिले ७० लिटर, मीठ तेवढंच. खारेपणा ३५ वरून थेट ३७.५ वर. हीच गोष्ट ५०० लिटरच्या टँकमध्ये झाली असती तर आकडा ३५.४ च्या आसपास राहिला असता. म्हणून कमी झालेलं पाणी रोज भरायचं, आणि ते गोडं भरायचं, खारं नाही. तेही आरओचं, विहिरीचं नाही.

अमोनियाचंही तसंच. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. लहान टँकमध्ये एक मासा जास्त झाला तरी तो लगेच जाणवतो. त्यामुळे या आकारात लहान जातीचे ३ ते ४ मासे, इथेच थांबायचं. यादीत होते ८.

कम्पॅटिबिलिटीचे पाच प्रश्न

प्रत्येक माशाला हे पाच प्रश्न विचारा. एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं तरी तो मासा यादीतून बाहेर.

१. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? दुकानात दिसतं ते पिल्लू असतं.
२. स्वभाव कसा? दुसऱ्यांना राहू देतो का?
३. काय खातो, आणि ते मी रोज देऊ शकतो का?
४. टँकमधल्या कुणाला खाईल का? यात कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ सगळे आले.
५. टँकमध्ये कुठे राहतो? तळाला, दगडात की मोकळ्या पाण्यात?

आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. त्या खेळात प्रत्येक बाहुलीचे दोरे वेगळे ठेवावे लागतात, एकात एक अडकले की खेळ थांबतो. टँकचंही तसंच. प्रत्येक माशाची जागा आणि खाणं वेगळं ठेवलं की गुंता होत नाही.

आता यादी तपासू

ब्लू टँग. सिनेमातली डोरी. दुकानात ५ सेंटिमीटरची गोंडस दिसते. वाढते ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या टँकच्या लांबीच्या निम्मी! हा मासा दिवसभर लांब लांब पोहणारा. ६० सेंटिमीटरच्या काचेत त्याला दोन झटके मारले की वळावं लागतं. ताण येतो, आणि ताण आला की अंगावर पांढरे ठिपके पडणारा रोग लगेच पकडतो. पहिल्याच प्रश्नावर बाद.

“लहान आहे तोवर ठेवतो, मोठा झाला की देऊन टाकतो,” असं बरेच जण म्हणतात. मी त्यांना विचारतो, कुणाला देणार? आपल्या तालुक्यात एवढा मोठा खारा टँक कुणाकडे आहे? उत्तर येत नाही.

लायनफिश. दिसायला राजा. पण तोंडात मावेल ते गिळतो. क्लाऊनफिश मावतो, कोळंबी तर मावतेच. शिवाय पाठीवरचे काटे विषारी. टँक साफ करताना हात लागला तर थेट दवाखाना. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या, तिन्ही प्रश्नांवर बाद.

मँडरिन. हा सगळ्यात फसवा. आकार लहान, ६-७ सेंटिमीटर. स्वभाव शांत. प्रवाळाला हात लावत नाही. चार प्रश्नांत पास. मग अडतं कुठे? खाण्यात. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो. नव्या आणि लहान टँकमध्ये हे जीव थोड्या दिवसांत संपतात. डब्यातलं खाणं बहुतेक मँडरिन तोंडातही घेत नाहीत. मासा फिरताना दिसतो, भांडत नाही, आजारी वाटत नाही, आणि हळूहळू पोट आत जाऊन उपाशी मरतो. बॅटरी चार्जिंगला लावलेली दिसते पण टक्का वाढत नाही, तसला प्रकार. अनुभव नसताना हा मासा घेऊच नका.

डॅमसेल. स्वस्त, चिवट, चकचकीत. म्हणून दुकानदार पहिल्यांदा हेच पुढे करतो. अडचण स्वभावाची. काळ्या पट्ट्यांचे, डॉमिनो किंवा गडद निळे डॅमसेल एकदा दगडाचा कोपरा ताब्यात घेतात आणि मग नंतर येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतात. तीन ठेवले तर बऱ्याचदा शेवटी एकच उरतो. आणि एकदा आत सोडलेला डॅमसेल पकडायचा तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. दुसऱ्या प्रश्नावर बाद.

क्लाऊनफिश. आला एकदाचा पास होणारा! पण इथेही जात बघा. ‘क्लाऊनफिश’ या एका नावाखाली वेगवेगळ्या स्वभावाच्या जाती येतात. मरून क्लाऊन मोठा आणि तापट असतो. लहान टँकला हवा तो ऑसेलारिस, म्हणजे २००३ च्या ‘फाइंडिंग नीमो’मधला. मादी साधारण ८-९ सेंटिमीटर होते, नर त्याहून लहान. दाण्यांचं खाणं पटकन स्वीकारतो.

याची एक गंमत सांगतो. क्लाऊनफिश जन्मतः नर असतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दादागिरी करणारा मासा पुढे मादी होतो. म्हणून जोडी घेताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्या, म्हणजे कोण मोठा हे आधीच ठरलेलं असतं. सारख्या आकाराचे दोन प्रौढ घेतले तर ते ठरवण्यासाठी भांडतात. तीन तर अजिबात नको, जोडी जमली की तिसऱ्याला जगणं मुश्कील होतं.

आणि हो, क्लाऊनफिशला समुद्रफूल लागतंच असं नाही. हॅचरीत वाढलेला मासा त्याच्याशिवाय मजेत राहतो. समुद्रफुलाला जुना, स्थिर टँक आणि भरपूर प्रकाश लागतो, ते पहिल्या वर्षात नकोच.

क्लीनर श्रिंप. पास. शांत, कामाची. फक्त एक लक्षात ठेवा, माशांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते कोळंबीला मारतं. त्यामुळे मुख्य टँकमध्ये औषध टाकायचं नाही.

म्हणजे ८ माशांतले उरले २. मुलाचा चेहरा उतरला. म्हणून मोकळ्या जागा बघून दोन नावं मी सुचवली.

तळाला यलो वॉचमन गोबी. पिवळा, वाळूवर बसून राहणारा, साधारण १० सेंटिमीटरपर्यंत. पिस्टल श्रिंप नावाची कोळंबी मिळाली तर दोघं एकाच बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते, तिची नजर अधू असते म्हणून मासा पहारा देतो. ही जोडी बघत बसलात तर रील्स विसराल.

मधल्या पाण्यात फायरफिश. ८-९ सेंटिमीटर, शांत, पुढून पांढरट आणि मागे लाल. एकच ठेवा, दोन घेतले तर आपसात भांडू शकतात. घाबरला की उडी मारतो, त्यामुळे वर जाळीचं झाकण हवंच.

झाले ४ मासे आणि १ कोळंबी. तळ गोबीचा, दगडाची फट फायरफिशची, वरचा भाग क्लाऊनच्या जोडीचा. कुणाचा दोरा कुणात अडकत नाही.

आत सोडायचा क्रमही महत्त्वाचा

फोनमध्ये आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग ॲप. टँकमध्ये आधी बॅक्टेरिया, मग मासे. दगडावर जे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे चक्र बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात टँकमध्ये मासा नसतो, फक्त अमोनियाचा थोडा पुरवठा आणि टेस्ट किट. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसायला लागलं की मगच पहिला मासा.

मग क्रम असा: सगळ्यात भित्रा आधी, सगळ्यात दादा शेवटी. पहिल्यांदा फायरफिश आणि गोबी. दोन आठवड्यांनी कोळंबी. आणखी दोन आठवड्यांनी क्लाऊनची जोडी. क्लाऊन आधी सोडले तर पूर्ण टँक त्यांना आपलाच वाटतो.

जमलं तर प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टबात महिनाभर ठेवा. तिथे रोग दिसला तर औषध देता येतं. मुख्य टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक दोन-अडीच महिने रिकामा ठेवायची वेळ येते.

मालवणातून प्रवाळ? थांबा!

आता यादीतली शेवटची ओळ. मित्रांनो, हा भाग सोडू नका.

मालवणच्या पाण्यात खरोखरच प्रवाळ आहे. त्यामुळेच १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येतं. स्नॉर्केलिंग करताना जे दिसतं ते बघायचं, फोटो काढायचा आणि वर यायचं.

दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे तीच अनुसूची! समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीही त्याच यादीत. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही घरी नेऊ नका. “एवढ्याशा तुकड्याने काय होतंय” हे उत्तर वनखात्यासमोर चालत नाही. परदेशी दगडी प्रवाळाच्या व्यापारावरही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. कुणी कागदपत्रांशिवाय विकत असेल तर लांब राहा.

मग रीफ टँक कसा करायचा? कोरडा, मानवनिर्मित किंवा सिरॅमिक दगड घ्या. काही महिन्यांत त्यावर जांभळट शेवाळाचा थर यायला लागतो आणि दगड जिवंत दिसू लागतो. मासे मात्र प्रवाळाला त्रास न देणारेच निवडा, म्हणजे पुढे कधी कायदेशीर मार्गाने काही ठेवायचं झालं तर बदल करावा लागणार नाही.

समुद्रातला मासा पकडून आणायचाही मोह होतो. आपल्या खडकांत दिसणारे पट्ट्यांचे सार्जंट मेजर हे डॅमसेलच्याच कुळातले, १५ सेंटिमीटरच्या पुढे वाढणारे आणि भांडखोर. फुलपाखरू मासे तर प्रवाळाचेच लचके तोडतात. पाच प्रश्न यांनाही लावा, बाद होतात.

समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणणंही टाळा. पावसाळ्यात कर्लीच्या खाडीतून एवढं गोडं पाणी येतं की किनाऱ्यावरचा खारेपणा खाली जातो. सोबत गाळ आणि बोटींचं तेल. त्यापेक्षा आरओचं पाणी आणि टँकसाठीचं खास मीठ. ७५ लिटरला साधारण अडीच ते तीन किलो लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात.

मासा घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा: हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला? आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची हॅचरीत पैदास करण्याचं तंत्र तयार केलं आहे. हॅचरीतला मासा काचेच्या टँकला आणि डब्यातल्या खाण्याला आधीच सरावलेला असतो.

फोनचा खरा उपयोग

• दुकानात माशाचा फोटो काढा, पण फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पिल्लाचे रंग मोठ्या माशापेक्षा वेगळे असू शकतात. शास्त्रीय नाव विचारा आणि त्यावरून शोधा.
• एक शीट बनवा. प्रत्येक माशासमोर पाच रकाने, पाच प्रश्न. रिकामा रकाना असेल तर खरेदी नाही.
• तापमान, खारेपणा, अमोनिया रोज नोंदवा. २५ ते २७ अंश ठीक. एका आकड्यापेक्षा आठवड्याचा कल जास्त सांगतो.
• मे महिन्यात पाण्यावर छोटा पंखा लावला की तापमान उतरतं, पण वाफ वाढते. पाणी भरायचा रिमाइंडर लावा.
• आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, रंगीत लाइट नंतर. लाइट नसल्याने मासे मरत नाहीत, ऑक्सिजन नसल्याने मरतात.
• रील बघताना तारीख विचारा. टँक कालचा आहे की वर्षभराचा? गच्च भरलेला सुंदर टँक पहिल्या दिवशी कुणीही दाखवू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातला मासा हळूहळू खाऱ्यात सवयीचा होईल का? गोल्डफिश, बेटा नाही होणार. मॉलीसारखे मोजके मासे सावकाश बदल केला तर राहतात. नियम म्हणून नाहीच समजा.

पाणी किती बदलायचं? आठवड्याला १० टक्के, म्हणजे आपल्या टँकसाठी साडेसात लिटर. एकदम अर्धा टँक बदलू नका.

मासे भांडले तर? पंख फाटले, एक मासा कोपऱ्यात वर टेकून राहिला, खायला येईना, तर वाट बघू नका, एकाला वेगळं करा. आपोआप मिटेल असं होत नाही, कारण हरलेल्याला पळून जायला जागाच नसते. समुद्रात ती असते.

घरचे विचारतात, उपयोग काय? आमच्याकडे आजीचा ठरलेला प्रश्न: “ह्यो मासो खावचो नाय, तर मगे कित्याक पोसतंस?” याला उत्तर एकच. नीट पोसलात तर तो १० वर्षंही जगू शकतो. ऑसेलारिस तर त्याहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. तुमचे तीन-चार फोन बदलून होतील तोवर तो तिथेच असेल. म्हणून मासा घेताना फोनपेक्षा जास्त विचार करा.

तर मित्रांनो, तुमच्या टँकची लांबी-रुंदी-उंची आणि माशांची यादी कमेंटमध्ये टाका, पाच प्रश्न लावून आपण सगळे मिळून तपासू. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी पहिला खारा टँक घेत असेल, तर मासे घ्यायच्या आधी हा लेख त्याला नक्की पाठवा.